पाच वर्षांची सही

८ जानेवारी

झालं एकदाचं. सही केली.

लायसन्स हातात घेऊन अडीच वर्षं घरी बसले होते. "आमची मुलगी पायलट आहे," असं आई शेजाऱ्यांना सांगायची आणि शेजारी विचारायचे, "मग रोज घरी कशी?" आता विचारा म्हणावं.

कंपनीची ती खोली इतकी गार होती की दादाने शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या उलगडल्या. समोर कर्मचारी विभागातल्या बाई. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हसऱ्या बाई ठेवलंय, कारण त्या 'बसा' म्हणतानाही हसतात आणि 'इथे सही' म्हणतानाही. करार तसा साधा आहे. ज्या जातीचं विमान कंपनीकडे आहे, ते उडवायचं प्रशिक्षण कंपनी देणार. त्या बदल्यात पाच वर्षं कंपनी सोडायची नाही. सोडली, तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च व्याजासकट परत. मी नाही भरला तर जामीनदाराने भरायचा. जामीनदार दादा.

दादा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची त्याला सवय. त्याने कराराचं पान न् पान वाचलं. मी टेबलाखालून त्याला पाय मारत होते.

"आणि कंपनीनेच हिला काढलं तर?" त्याने विचारलं.

बाई हसल्या. "अहो, एवढा खर्च करून आम्ही कशाला काढू?"

"इथे 'कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास' असं लिहिलंय."

"ती ठरलेली भाषा असते हो. सगळ्यांनाच असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर माझ्यासारखे शंभर जण रांगेत उभे आणि हा माणूस कायदा काढत बसलाय. शेवटी त्याने सही केली. लिफ्टमध्ये म्हणाला, "वैमानिकबाई, आता पाच वर्षं साधं शिंकायचंसुद्धा नाही." आणि स्वतःच हसला. वहिनीसाठी मिठाई घेऊन घरी गेलो. तिला नुकतेच दिवस गेलेत. घरात एकदम दोन आनंदाच्या बातम्या, आई तर जमिनीवरच नाही.


४ फेब्रुवारी

सिम्युलेटर म्हणजे पायांवर उभी असलेली पांढरी पेटी. आत कॉकपिट, बाहेर खोटं आकाश. पण घाम खरा येतो. आज आमचं एक इंजिन पेटवून दिलं, मग दुसऱ्याचं तेल घालवलं, आणि शेवटी प्रशिक्षक म्हणाले, "चला, चहा घेऊ."

माझा जोडीदार लंबू. इतका उंच, की सीटवर बसला की गुडघे स्टिअरिंगच्या जागी येतात. आमची पहिल्याच दिवशी गट्टी जमली, आणि राहायलाही आम्ही कंपनीच्या एकाच फ्लॅटवर. त्याचे जामीनदार कोण, तर होणारे सासरे! मी म्हटलं, "मुलगी आणि जामीन एकाच घरातून? तू तर डबल अडकलास." तो म्हणाला, "मी कुठे पळून चाललोय?"


२१ मार्च

पहिलं खरं उड्डाण. मागे एकशे सत्तर माणसं. लँडिंग मी केलं. जरा आपटलं, पण मोडलं काही नाही.

डावीकडे कॅप्टन होते मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. कानावर पेन्सिल खोचलेली असते आणि समजावून सांगायला लागले की ती काढून हवेत आकृत्या काढतात. आवाज कधी चढत नाही. उतरल्यावर म्हणाले, "पहिल्यांदा मीसुद्धा असाच आपटलो होतो. आता जरा सवयीने आपटतो."

असा माणूस शिकवायला मिळणं म्हणजे नशीब लागतं.


७ मे

दोन कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेले आणि रोस्टर एकदम कडक झालं. रोज चार उड्डाणं, तीही पहाटेची. न्यायला गाडी येते तेव्हा दूधवालासुद्धा झोपलेला असतो. विश्रांतीचे तास कागदावर बरोबर बसतात, फक्त त्यात गाडीतला वेळ धरलेला नाही, जेवणाचा नाही, आणि भर दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिल चालू असताना झोप लागायचा तर नाहीच.

पण तक्रार करायला मी काही ऑफिसात बसलेली कारकून नाही. हेच हवं होतं ना? उड्डाणाचे तासही भराभर जमतायत.

मास्तरांकडून शांतपणा शिकायला हवा. वर गेल्यावर ते हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून विचार करतात. मी काही विचारलं तर लगेच उत्तर देत नाहीत, जरा थांबतात, मग "अं? हो, बरोबर," म्हणतात. इतका स्थिर माणूस मी पाहिला नाही.


१२ मे

आज चार उड्डाणं. मास्तरांसोबत. सगळं नीट.


१३ मे

आज चार उड्डाणं. मास्तरांसोबत. सगळं नीट. (कालच्याच ओळी परत लिहिल्या की काय? नाही, दिवसच तसा होता.)


१५ मे

सुट्टी. आईचा फोन आला. वहिनीच्या तपासणीचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "अगं, परवा अर्धा तास हेच बोललो की आपण." मला तर काही आठवत नाही. आईचं वय झालं आता, काहीतरी गोंधळ करते.

दादाशीही बोलले. त्याचे मालक दुकान विकतायत आणि दादाने ते घ्यावं असं त्यांच्याच मनात आहे. बारा वर्षं तिथे राबलाय, गिऱ्हाईक त्याला ओळखतं. "झालं का नक्की?" म्हटलं, तर "बघू, घाई काय आहे," म्हणाला. दादाचं हे असंच. ऐन वेळी पाय मागे घेणार. आईलाही तेच म्हटलं, याला धीरच नाही. वहिनी फोनवर आलीच नाही. कामात असेल.


२२ मे

लंबूने आज कमाल केली. सकाळी गाडी खाली उभी, मी तयार, आणि हा पलंगावर बसून. अंगावर गणवेश, पायात मोजे, बूट हातात. म्हणाला, "मी नाही येत. मी आज उडायच्या लायकीचा नाही."

"ताप आहे का?"

"नाही. थकलोय. काल लँडिंगच्या आधी कॅप्टनने मला हाक मारली, तर मला ते स्वप्नात वाटलं."

"अरे, सगळेच थकतात. कॉफी घे, तोंड धू."

"तुला कळत नाहीये का? ही गोष्ट मी तुला काल रात्री सांगितली. तू 'हो' म्हणालीस आणि मलाच विचारलंस, लंबू कुठेय?"

काहीतरीच. मी गाडीत जाऊन बसले. त्याने ड्यूटी ऑफिसला कळवलं, थकव्यामुळे उड्डाण नाकारतोय म्हणून. नियमात तशी सोय आहे हे खरं, पण नियमात असलेलं सगळं वापरायचं असतं का? माणसाने थोडं सोसायला शिकावं.


३० मे

लंबूला काढलं.

अजून आम्ही उमेदवारीच्या काळात आहोत, त्यामुळे कारण द्यायची गरज नाही. पत्रात एकच ओळ, आणि दुसऱ्या पानावर भरायची रक्कम. हसऱ्या बाईंनी पत्र हातात देताना पाणी विचारलं म्हणे.

मी संध्याकाळी परतले तेव्हा तो बॅगा भरत होता. त्याचे होणारे सासरे सकाळी येऊन गेले होते. खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहून एवढंच म्हणाले, "लग्नाचं नंतर बघू." लंबूने मला हे सांगितलं ते शर्टांच्या घड्या घालत, माझ्याकडे न बघता. म्हटलं, "तू थोडं थांबायला हवं होतंस." त्याने मान वर केली. "तू पण थांबतेयस ना? कशासाठी?" असं विचारून त्याने बॅगेची चेन ओढली.

मला रागच आला त्याचा. आता रात्रभर विचारांनी झोप नाही लागणार आणि पहाटे उठायचंय.


९ जून

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

चौथं, म्हणजे शेवटचं उड्डाण. दुपार. विमान मी उडवत होते, रेडिओ मास्तरांकडे. इथला विमानतळ डोंगरांच्या वाटीत आहे, म्हणून खाली उतरायचं ते टप्प्याटप्प्याने. कंट्रोलरने सांगितलं, सहा हजार फुटांपर्यंत या. मास्तरांनी रेडिओवर परत म्हणून दाखवलं, "सहा हजार." मीही ऐकलं, सहा हजार. आणि हाताने यंत्रावर चार हजार लावले.

का, ते मला ठाऊक आहे. सकाळपासून तीन वेळा उतरलो होतो आणि तिन्ही ठिकाणी चारच लावले होते. हात आपला आपण गेला. डोकं त्यात नव्हतंच. असा आकडा लावला की दोघांनी त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं असतं. मी बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "बरोबर."

बाहेर पांढरे ढग. उबदार ऊन. इंजिनांचा तो एकसुरी आवाज. त्यानंतरच्या दोन मिनिटांतलं मला काहीही आठवत नाही. डोळे उघडे होते, याची खात्री आहे. मग यंत्राचा आवाज कानात शिरला: "टेरेन, टेरेन. पुल अप." म्हणजे समोर जमीन आहे, वर घ्या.

सिम्युलेटरमध्ये तो आवाज पन्नास वेळा ऐकलाय. आज वाटलं, किती मोठ्याने ओरडतंय हे, कुणीतरी बंद करा. मग मास्तरांचा हात माझ्या हातावरून पुढे गेला आणि विमानाने नाक वर केलं. पाठीवर कुणीतरी पोतं टाकावं तसं वजन आलं. ढगाला एक फट पडली आणि उजव्या खिडकीतून मला झाडं दिसली. झाडांचा नुसता हिरवा रंग नव्हे. झाडं. एकेक वेगळं.

मग निळं आकाश. कंट्रोलर विचारत होता, तुमची उंची सांगा, उंची सांगा. मास्तरांनी सांगितली. आवाज नेहमीसारखा. पेन्सिल कुठेतरी खाली पडली होती.

दुसऱ्यांदा येऊन त्यांनी स्वतः विमान उतरवलं. दार उघडल्यावर मी नियमाप्रमाणे निरोप द्यायला उभी राहिले. एका आजींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "मधे एकदम वर नेलंस गं, पोटात गोळाच आला. पण छान चालवतेस हो." मी 'धन्यवाद आजी' म्हटलं. म्हटलं खरंच.

विमान रिकामं झाल्यावर आम्ही दोघं कॉकपिटमध्येच बसून होतो. सफाईवाले येऊन थांबले.

"यंत्रात सगळं नोंदलं जातं," मास्तर म्हणाले. "लेखी तर द्यावंच लागेल. प्रश्न काय लिहायचं हा आहे."

"मी चार लावले, सर."

"रेडिओत खरखर होती."

"नव्हती."

"थोडी होती." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ, ऐकण्यात घोटाळा झाला असं दोघांनी लिहिलं की प्रकरण शिकवणीवर मिटतं. थकवा लिहिलास तर लंबूचं काय झालं ते तू पाहिलंस."

"तुम्हाला काय करणार ते? तुम्ही तर कॅप्टन आहात."

ते हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. "गेल्या वर्षी या नव्या विमानावर आलो तेव्हा मीही पाच वर्षं लिहून दिली आहेत. आपण दोघं एकाच वर्गात, तू मागच्या बाकावर, मी पुढच्या. आणि मुलीचं कॉलेजचं पहिलंच वर्ष आहे." मग म्हणाले, "मी 'बरोबर' म्हणालो तेव्हा आकडा बघितला नव्हता गं. मी नुसतं म्हणालो."

इतके दिवस ते डोळे मिटून विचार करतायत, असं मी समजत होते.


१० जून

चौकशीपर्यंत दोघंही जमिनीवर, उड्डाणं बंद. परवापर्यंत लेखी द्यायचंय. सकाळची बस पकडून घरी आले.

दार वहिनीने उघडलं. आता चांगलीच अवघडली आहे. "आत ये," म्हणाली आणि ताट वाढलं. दादा दुकानातून आल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. आई देवळातल्या बायकांकडे गेली होती, ते एक बरं झालं. झाडांपर्यंत आल्यावर मी ताट बाजूला सारलं.

दादा पाठीवर हात ठेवून बसला. वहिनी मात्र उभीच.

"म्हणजे तू थकवा लिहिणार. मग ते तुला काढणार. मग पैसे यांनी भरायचे," ती म्हणाली.

"वहिनी, मी काही ना काही करून..."

"काय करशील? अगं, दुकान का नाही घेतलं यांनी, माहितेय? यांना धीर नाही म्हणून? तू आईंना तसंच म्हणालीस ना? बँकेने कर्ज नाकारलं. म्हणाले, तुमच्या नावावर बहिणीचा एवढा मोठा जामीन आहे, आणखी कसं द्यायचं? दुकान गेल्या महिन्यात दुसऱ्याने घेतलं. हे आता त्याच्याकडे नोकर आहेत."

"बास," दादा म्हणाला.

"का बास? तिला कळू दे की! तिला कुणी काही सांगायचंच नाही का? ती उडतेय म्हणून आम्ही सगळ्यांनी श्वास धरून बसायचं?"

ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी दादाला विचारलं, "तू सांग. काय लिहू?"

तो काहीतरी मोठं बोलेल, असं मला वाटलं होतं. 'जे खरं ते लिही, माझी काळजी करू नकोस' असं. लहानपणापासून तो असंच बोलत आलाय. पण दादाने बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "नको लिहूस. रेडिओत खरखर होती असं लिही. पुढचं पुढे बघू."

मी मान हलवली.


११ जून

दुपारी मी लिहून पाहिलं. "रेडिओत खरखर होती." तीन शब्द. त्यांच्यापुढे लिहावंसंच वाटेना.

मी तीनदा विचार केला की पुन्हा कामावर जाईन, नीट झोपेन, अधिक काळजी घेईन. पण नीट झोपेन कशी? रोस्टर तेच. मी तीच. उद्या माझ्या शेजारी आणखी एखादा 'बरोबर' म्हणणारा. आणि त्या आजी आपल्या हौसेने परत कुठल्यातरी विमानात बसणार.

मग सगळं लिहिलं. आकडा मी लावला. ऐकण्यात काही चूक नव्हती. त्या आधीचा महिनाभर मी कशी उडत होते तेही लिहिलं. मे महिन्यातली या वहीतली पानं परत वाचली. आईचं वय झालं म्हणे! लंबूला मी सोसायला शिकवत होते.

पाठवायच्या आधी दादाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तो पुन्हा 'नको' म्हणाला असता तर माझ्याने ते झालं नसतं. एक प्रत कंपनीला आणि एक सरळ विमान वाहतूक खात्याच्या तपास विभागाला पाठवली.

पाठवून झाल्यावर सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता. हातातला टॉवेल त्याने पुन्हा पुन्हा झटकला. "बरं," म्हणाला.


१७ जून

चीफ पायलटसाहेबांनी बोलावलं. मोठी काच, खाली धावपट्टी. हसऱ्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या.

साहेब चढ्या आवाजात बोलले नाहीत. "चुका होतात. चांगली पोरगी आहेस. 'थकवा' हा शब्द काढ, 'क्षणभर दुर्लक्ष झालं' असं लिही. दहा दिवस सिम्युलेटर करू आणि परत रोस्टरवर घेऊ."

"सर, ते क्षणभर नव्हतं."

"रोज सकाळी टॅबवर 'मी उड्डाणास योग्य आहे' यावर खूण कोण करत होतं?"

"मीच."

"एकदाही नाही म्हणालीस?"

"नाही, सर."

"मग खोटं कधीचं? तेव्हाचं की आत्ताचं?"

त्यांना वाटलं मी अडकले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग उत्तर इतकं सोपं निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"तेव्हाचं, सर."

हसऱ्या बाई पहिल्यांदाच हसल्या नाहीत.


२४ जून

पत्र आलं. एक ओळ. दुसरं पान दादाच्या नावाने.

वहिनी माहेरी गेली. बाळंतपणाला जायचंच होतं, पण महिनाभर आधी गेली. आई म्हणते, "हवाबदल." आईला सगळं कळलंय.


२ जुलै

लंबूला फोन केला. आधी माफी मागितली. तो म्हणाला, "झोपलीस का नीट?" मी म्हटलं, सलग सहा दिवस. "मग आता तुझ्याशी बोलण्यात अर्थ आहे," म्हणाला गाढव. आम्ही दोघांनी मिळून एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी करार वाचताना तीनदा "अरे वा" म्हटलं, आणि तिन्ही वेळा ते कौतुक नव्हतं.


१९ जुलै

आज खात्याच्या तपासनीसांपुढे जबानी. साध्या सरकारी इमारतीत, दुसरा मजला, लाकडी बाक. बाकावर माझ्या बॅचचे आठ जण एका रांगेत. मला बघून कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी खिडकीबाहेर बघायला लागलं. मला त्यांचा राग आला नाही. प्रत्येकाच्या घरी एकेक दादा आहे.

एकेक जण आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर येत होता. आठ जण म्हणणार थकवा नाही, आणि एकटी मी म्हणणार, 'आहे'. संपलं.

तपासनीस म्हणजे पिकल्या केसांचे, सर्दी झालेले गृहस्थ. माझं सगळं ऐकून घेतलं. मग नाक पुसत म्हणाले, "तुमच्या सोबत्यांनी लेखी दिलंय. वाचून दाखवतो. 'मला पुरेशी विश्रांती मिळते आणि मी उड्डाणास नेहमी पूर्ण योग्य असतो.' आठही जणांनी हेच."

मी खाली बघितलं.

"यात दोन मुली आहेत," ते म्हणाले. "त्यांनीसुद्धा 'असतो' लिहिलंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू का रडू असं झालं. कुणीतरी एक वाक्य आठ जणांना वाटलं होतं आणि त्या दोघींनी भीतीच्या भरात ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

"आता त्यांना परत बोलावतो. एकेकीला, आणि कागदाशिवाय," तपासनीस म्हणाले.

बाहेर आले तर बाकाच्या टोकाला मास्तर. वजन उतरलंय. त्यांचं लेखी रेडिओच्या खरखरीचं होतं, हे मला ठाऊक होतं. मी नुसता नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी 'असतो'ची गंमत सांगितली. ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले.

"त्यांतली एक मी शिकवलेली आहे," म्हणाले.

आतून त्यांना हाक आली. चाळीसएक मिनिटं ते आत होते. बाहेर आल्यावर माझ्यासमोर उभे राहिले. "सांगितलं. आकडा न बघता 'बरोबर' म्हणालो, तेही. त्याआधी किती वेळा असं झालं, तेही." मग खाली मान घालून, "मुलीला आता घरी जाऊन सांगायचंय. ते जास्त अवघड आहे."


२८ ऑगस्ट

खात्याचा आदेश आला. कंपनीने दोन महिने नवी रोस्टर खात्याला दाखवल्याशिवाय लावायची नाहीत. थकव्याची नोंद केली म्हणून ज्यांना काढलं, त्यांच्याकडून प्रशिक्षणाची वसुली न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबवली. लंबूची थांबली, माझी थांबली. थांबली म्हणजे सुटली नव्हे, असं वकीलबाई तीनदा बजावतात.

आणि चुकीची उंची लावल्याबद्दल माझं लायसन्स सहा महिने निलंबित. मास्तरांचंही.

ते मला मान्य आहे. लिहिताना हात थांबला, पण मान्य आहे. झाडं मी पाहिलीत.


१५ सप्टेंबर

वहिनीला मुलगी झाली. दादाचा फोन पहाटे आला, धड बोलताही येईना त्याला. मी दुपारी दवाखान्यात पोचले. दादा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत वहिनी आणि शेजारी ते गुंडाळलेलं गाठोडं.

तीन महिन्यांत आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मी दाराशीच उभी. हातात आणलेलं झबलं, त्याचं काय करावं ते कळेना.

"बस की," वहिनी म्हणाली.

बसले.

"वसुली थांबली, हे यांनी सांगितलं मला. तू गप्प बसली असतीस तर पुढच्या विमानातल्या माणसांचं काय झालं असतं, तेही सगळं सांगितलं." तिचा आवाज दमलेला होता, पण शब्द नीट निवडत होती. "तुझं बरोबर होतं. पण तुझं बरोबर होतं म्हणून माझा राग चुकीचा होता, असं नाही."

"नाही," मी म्हटलं. "नव्हता."

"दुकान गेलं ते गेलंच."

"हो."

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक आवाजात कुरकुर सुरू केली. वहिनीने ते उचललं, मला वाटलं कुशीत घेईल, पण तिने हात लांब केले.

"घे. उशी सरळ करायचीय मला." आणि मी हात पुढे केल्यावर म्हणाली, "अशी नाही. मानेखाली हात घाल. तिला अजून मान धरता येत नाही."

मी मानेखाली हात घातला. दादा औषधं घेऊन वर येईपर्यंत तशीच बसून राहिले, जराही न हलता, टक्क जागी.